प्लेगांतील निर्बंध लोकांनीं कां पाळले ?

सन २०२० च्या मार्च महिन्यांत कोरोनाच्या साथीस आळा घालण्यासाठीं महाराष्ट्र सरकारनें जो कायदा अमलांत आणिला तो सन १८९७ चा, म्हणजे १२३ वर्षांपूर्वींचा होता. ता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं मंजूर झालेला हा अवघ्या चार कलमांचा कायदा प्लेगच्या साथीसाठीं घाईनें केलेला होता. त्याच्या आधारें सरकारास वाटेल तो निर्बंध घालितां येई. तो मोडणारास शिक्षा होई. आणि सद्भावनेनें काम करणाऱ्या अंमलदारावर फिर्याद चालत नसे. लोकांनीं निर्बंध कां पाळावे, ह्या प्रश्नाला कायद्यापाशीं एवढेंच उत्तर होतें. हें उत्तर पुरेसें होतें कीं काय, हें पाहण्यास शके १८१८ पासून पुढील दहा वर्षांचा काळ फार उपयोगी आहे. कारण त्या काळांत एकाच प्रदेशांतील, पुष्कळदां एकाच शहरांतील लोकांनीं एक निर्बंध प्राणपणानें मोडिला आणि दुसरा कोणी न सांगतां पाळिला, असें दिसून येतें. असें कां झालें तें समजून घेण्याचा प्रस्तुत लेखांत प्रयत्न केला आहे.

ह्या विषयाच्या साधनांत मूळचाच एक दोष आहे, तो आधीं सांगितला पाहिजे. जो हुकूम मोडतो त्याचा कागद होतो. जो पाळतो त्याचा होत नाहीं. दंगा झाला कीं पोलिसांचा अहवाल, पंचनामा, साक्षी, शिक्षेचा ठराव अशी दप्तरांत भर पडत जाते. उलट, उंदीर पडतांच बायकामुलांस घेऊन मळ्यांत राहावयास गेलेल्या कुणब्याची नोंद कोणीं केली नाहीं. त्यामुळें सरकारी अहवालांवर विसंबून लिहिणारा इतिहासकार 'लोक अडाणी म्हणून विरोध करीत' असा निष्कर्ष काढून मोकळा होतो, आणि त्याचा प्रतिपक्षी 'लोक स्वाभिमानी म्हणून विरोध करीत' असें म्हणतो. दोघांच्याहि हातीं विरोधाचेच कागद असतात. पाळणारांचा हिशेब दोघांनींहि केलेला नसतो.

मुख्य हकीकत थोडक्यांत अशी. मुंबईस मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ता. २३ सप्टेंबर १८९६ रोजीं ह्या रोगाचें निदान जाहीर केलें. मराठी पत्रांतून ह्यास 'ग्रंथिक सन्निपात' म्हणत, बोलण्यांत 'गांठीचा ताप', आणि पुढें खेड्यापाड्यांतून नुसतें 'पिलेग'. जुन्या पत्रांचा शोध करणारांनीं हीं तिन्ही नांवें ध्यानांत ठेवावीं. रोगाचा जंतु येर्सें यांनीं १८९४ सालीं हाँगकाँग येथें शोधून काढिला होता, पण तो माणसाच्या अंगांत शिरतो कसा हें कोणास ठाऊक नव्हतें. उंदरांवरील पिसवांच्या द्वारें तो पसरतो असें पॉल-लुई सिमों यांनीं १८९८ सालीं कराचीस दाखविलें, आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी आठदहा वर्षें लागलीं. तोंपर्यंत सरकारी उपायांचा सगळा रोख घाण, कोंदट हवा आणि माणसाचा संसर्ग ह्यांवर होता. गटारें धुवावीं, भिंतींस चुना लावावा, घरांत कार्बॉलिक शिंपडावें, उजेड येण्यासाठीं कौलें काढावीं, रोग्यास इस्पितळांत न्यावें आणि त्याच्या घरच्या निरोगी माणसांस छावणींत अलग ठेवावें, असा हा क्रम होता. आजच्या ज्ञानानें पाहतां गांठीच्या प्लेगवर ह्यांपैकीं पुष्कळ उपायांचा फारसा उपयोग नव्हता. गटारें धुऊन मरतुकडे उंदीर शेजारच्या घरांत जात, आणि निरोगी माणसांस कोंडून पिसवा कोंडल्या जात नसत. सबब, कार्बॉलिकच्या पिचकारीवर लोकांचा विश्वास बसेना, ह्याचें खापर सर्वस्वीं त्यांच्या अज्ञानावर फोडतां येत नाहीं. अज्ञान उभयपक्षीं होतें. एका पक्षाच्या हातीं मात्र कायदा होता.

पुण्याचें प्रकरण प्रसिद्धच असल्यामुळें त्याचा विस्तार करीत नाहीं. फेब्रुवारी १८९७ मध्यें वॉल्टर चार्ल्स रँड यांची प्लेगच्या कामावर नेमणूक झाली, आणि मार्चच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गोऱ्या सोजिरांच्या टोळ्या घरोघर झडत्या घेत फिरल्या. बूट घालून माजघरांत व देवघरांत शिरणें, बायकांची काख व जांघ तपासण्याचा प्रसंग आणणें, सामान रस्त्यावर काढून जाळणें, ह्यांविषयींच्या तक्रारींनीं त्या वेळचीं पत्रें भरलेलीं आहेत. ता. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. आयर्स्ट जागींच ठार झाले व रँड ३ जुलै रोजीं वारले. दामोदर हरि चापेकर यांस १८ एप्रिल १८९८ रोजीं फांशी झाली. त्यांनीं तुरुंगांत लिहिलेलें आत्मवृत्त सुदैवानें उपलब्ध आहे, तें ह्या बाबतींत पहिल्या प्रतीचें साधन होय. झडत्यांनीं साथ हटली असें सरकारपक्षाचें म्हणणें होतें. परंतु दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यांत हा रोग आपोआप मंदावतो, हें पुढील सालांच्या अनुभवानें सर्वांस कळून आलें. आणि पुण्यांत तर त्याच वर्षाच्या पावसाळ्यानंतर साथ पूर्वींपेक्षांहि जोरानें उलटली.

येथवरचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु ह्याच शहरांत, ह्याच महिन्यांत, टिळकांच्या पुढाकारानें हिंदु रोग्यांसाठीं निराळें इस्पितळ निघालें व तेथें रोगी जात, ह्या गोष्टीचा जितका विचार व्हावा तितका झालेला नाहीं. टिळक स्वतः शहर सोडून गेले नाहींत, आणि जे पुढारी सोडून गेले त्यांच्यावर 'केसरी'नें सोजिरांइतकीच कठोर टीका केली. रोग्यास घरापासून वेगळें ठेवावें हें तत्त्व सरकारी इस्पितळांत होतें तेंच ह्या इस्पितळांतहि होतें. निर्बंध एकच, तो एकीकडे टळेल तितका टाळिला गेला आणि दुसरीकडे मान्य झाला. फरक इतकाच कीं, येथें आपल्या माणसाच्या हातचें पाणी मिळेल, देह पडलाच तर तो आपल्या रीतीप्रमाणें मार्गास लागेल, आणि आंत काय चाललें आहे तें विचारावयास ओळखीचा मनुष्य आहे, अशी लोकांस खात्री होती. आमचे मतें प्लेगच्या काळांत निर्बंध पाळले जाण्याचें पहिलें कारण हें: रोगाची भीति दोन्ही पक्षीं सारखीच होती, पण नेलेला मनुष्य कोठें नेला हें कळत होतें.

मुंबईच्या इस्पितळांसंबंधीं ज्या कंड्या उठल्या त्यांचाहि उलगडा ह्यानेंच होतो. रोग्यास उलटा टांगून त्याची 'मोमियाई' काढतात, अशी भुमका १८९६ च्या अखेरीस सर्वत्र पसरली होती. ता. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणीकामगारांचा मोठा जमाव चालून गेला, ता. ९ मार्च १८९८ रोजीं एका मुलीच्या तपासणीवरून मदनपुऱ्याच्या बाजूस जुलाह्यांचा दंगा झाला व तो शहरभर पसरला. ह्या कंड्यांस हंसण्यापूर्वीं एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. इस्पितळाच्या भयानें लोक रोग्यास शेवटच्या घटकेपर्यंत लपवीत. तेव्हां इस्पितळांत जात तो बहुधा मरणोन्मुख होऊनच जाई. आणि तेथें गेलेला परत येत नाहीं हें शेजाऱ्यापाजाऱ्यांस डोळ्यांनीं दिसे. कंडी खोटी होती, पण तिचा पुरावा रोज ताजा तयार होत होता. तोंडी समजूत घालून असा पुरावा खोडतां येत नाहीं. बरा होऊन चालत घरीं आलेला एक मनुष्य त्यास पुरतो. पुढें मुंबईंत निरनिराळ्या जातींस व धर्मांस आपापलीं इस्पितळें काढण्यास मुभा मिळाली, आणि पारशी, खोजे, मेमण, भाटिये, जैन इत्यादिकांनीं तीं काढिलीं, तेव्हां इस्पितळांत जाण्यास पूर्वींइतकी हरकत राहिली नाहीं.

ह्या व्यवस्थेची काळी बाजूहि नमूद केली पाहिजे. जातीनें इस्पितळ चालविलें म्हणजे ज्यांच्या जातीपाशीं पैसा नाहीं त्यांचें काय, हा प्रश्न उरतोच. सोवळेंओवळें, विटाळ, सुतक ह्या आचारांनीं वेगळें राहण्याची संवय आमच्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या लाविली होती, म्हणून अलग राहण्याचा निर्बंध येथें सहज रुजावयास हवा होता, असें कित्येक युरोपियन लेखकांस वाटे. वस्तुस्थिति उलट होती. आमचें वेगळेपण परक्यापासून होतें, रोग्यापासून नव्हतें. उलट रोग्याच्या उशाशीं बसणें हाच धर्म होता. घरच्या रोग्यास सोडून राहा, ही आज्ञा म्हणून सर्वांत अवघड झाली. आणि ज्यांस शिवावयाचें नाहीं असें समाजानें ठरविलें होतें त्यांच्या उशाशीं बसणारीं माणसें फार थोडीं निघालीं. सावित्रीबाई फुले यांनीं आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत रोग्यांची शुश्रूषा केली. मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका प्लेगग्रस्त मुलास त्यांनीं पाठीवर घेऊन आणिलें असें सांगतात. आणि त्याच रोगानें ता. १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. रँड यांच्या झडत्या सुरू होण्यास तेव्हां थोडेच दिवस अवकाश होता.

आतां जो निर्बंध लोकांनीं बिनबोभाट पाळिला त्याकडे वळूं. तो म्हणजे घर सोडणें. उंदीर व हा रोग ह्यांचा संबंध आमच्या देशांत अगदींच अज्ञात नव्हता. जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रांत आग्र्याच्या साथीच्या प्रसंगीं आसफखानाच्या मुलीनें सांगितलेली एक हकीकत आहे. तींत झिंगलेला उंदीर प्रथम दिसतो आणि मग घरांतील माणसें आजारी पडूं लागतात. गढवाल-कुमाऊंत एकोणिसाव्या शतकांत ह्या रोगास 'महामारी' म्हणत, व उंदीर मरूं लागले कीं तेथील खेडुत गांव ओस टाकून डोंगरावर जात, हें इंग्रज अंमलदारांनींच लिहून ठेविलें आहे. मुंबईच्या सुमारे साडेआठ लाख वस्तीपैकीं चार लाखांच्या आसपास लोक फेब्रुवारी १८९७ पर्यंत शहर सोडून गेले. त्यांस कोणीं हुकूम केला नव्हता. उलट आगगाडीच्या ठाण्यांवर त्यांची अडवून तपासणी होत होती. पुढें देशावर गांवोगांव हाच परिपाठ पडला. उंदीर पडले, कीं भांडींकुंडीं घेऊन माळावर झोंपड्या बांधावयाच्या, दिवसां कामापुरतें गांवांत यावयाचें, आणि साथ सरली म्हणजे घर सारवून परत राहावयास यावयाचें. अण्णासाहेब कर्वे यांनीं आपला अनाथबालिकाश्रम १९०० सालीं हिंगण्याच्या माळावरील झोंपडींत नेला, त्याचें तात्कालिक कारण पुण्यांतील प्लेग हेंच होय. आज तेथें केवढी संस्था उभी आहे तें सर्वांस ठाऊक आहे.

ह्या उपायाचे दोष होते. मुंबईहून पळालेल्यांबरोबर रोगहि निघाला व तो इलाखाभर पसरला. म्हणजे घरास जो तारक तोच देशास मारक ठरला. पण जवळच्या माळावर जाऊन राहणें हा गांठीच्या प्लेगवर त्या काळीं उपलब्ध असलेल्या उपायांपैकीं उत्तम उपाय होता, कारण तेणेंकरून माणूस उंदीर-पिसवांपासून दूर होई. सरकारासहि हें यथावकाश पटलें. सक्तीच्या झडत्या मागें पडल्या, आणि माळावरच्या वस्तीस जागा, बांबू व चटया देऊन साहाय्य करण्याचें धोरण आलें. हा निर्बंध लोकांनीं कां पाळिला ? आमच्या समजुतीनें, त्यांत कुटुंब फुटत नव्हतें. आजारी व निरोगी, म्हातारें व तान्हें, गुरेंढोरेंसुद्धां सर्व एके ठिकाणीं राहत. केव्हां जावयाचें हें सांगावयास डॉक्टर लागत नसे. वळचणीला पडलेला उंदीर तें सांगे. आणि जे गेले ते वांचले, राहिले त्यांच्या घराला कुलुप लागलें, हें एका हंगामांत सर्व गांवास समजे. शिवाय साथींत शीव राखणें, मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडणें, हे प्रकार खेड्यांस परिचित होतेच. गांवाबाहेर राहणें हें त्यांच्या कल्पनेच्या बाहेरचें नव्हतें.

टोंचण्याचा इतिहास निराळा आहे, कारण तेथें परिचयाचा आधार नव्हता. वाल्डेमार हाफकिन हे ऑक्टोबर १८९६ मध्यें मुंबईस आले. त्यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत लस तयार केली व ता. १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत जे कैदी आपखुषीनें पुढें आले त्यांस टोंचलें. त्यांपैकीं दोघांस रोग झाला व कोणीहि दगावला नाहीं, न टोंचलेल्यांपैकीं १२ जणांस होऊन ६ मेले. पोर्तुगीज अमलाखालील दमण येथें २,१९७ लोकांनीं टोंचून घेतलें, त्यांपैकीं ३६ मेले. न टोंचलेल्या ६,०३३ पैकीं १,४८२ मेले. बडोदें राज्यांतील उंधेरा गांवीं फेब्रुवारी १८९८ मध्यें प्रत्येक कुटुंबांतील निम्मीं माणसें टोंचून निम्मीं तशीच ठेविलीं. टोंचलेल्या ७१ पैकीं ३ वारलीं आणि न टोंचलेल्या ६४ पैकीं २६. हा प्रयोग शास्त्रदृष्ट्या चोख खरा. परंतु आपल्याच घरांतील कोणते निम्मे टोंचले व कोणते राहिले हें पुढें आठवीत बसलेल्या त्या गांवच्या माणसांस काय वाटलें असेल, हें त्या आंकड्यांच्या कोष्टकांत लिहिलेलें नाहीं.

आंकडे अहवालांत राहतात. लोकांनीं टोंचून घेतलें तें दुसऱ्याच कारणांनीं. मुंबईच्या खोजा समाजांत आगाखान यांनीं सर्वांसमक्ष स्वतःस टोंचून घेतलें, आणि त्यानंतर जवळपास निम्मा समाज पुढें आला. तसेंच इलाख्यांत पुष्कळ ठिकाणीं टोंचल्याचा दाखला दाखविणारास छावणींत अलग राहण्याची माफी असे. आमच्या मतें ह्या एका सवलतीनें कित्येक व्याख्यानांपेक्षां अधिक काम केलें. दोन दिवस ताप येईल, दंड ठणकेल, पण बायकामुलें घरांतून ओढून नेणार नाहींत, असा हा सौदा होता. ह्यांत लसीवरील श्रद्धेपेक्षां छावणीचें भय अधिक होतें असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य आहे. माणूस एकच निर्बंध अनेक कारणांनीं पाळतो, आणि कारण हलकें म्हणून लस कमी लागू पडते असें नाहीं.

असा विश्वास किती नाजूक असतो, हें पंजाबांतील मुलकोवाल येथें दिसून आलें. तेथें ता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं एकाच बाटलींतून टोंचलेले १९ लोक धनुर्वातानें मेले. दोष परळच्या प्रयोगशाळेचा नसून बाटली उघडतांना झालेल्या हयगयीचा होता असें पुढें निष्पन्न झालें, आणि हाफकिन १९०७ सालीं दोषमुक्त झाले; पण तोंपर्यंत पंजाबांतील टोंचणीचें काम पार बसलें होतें. १९ मृत्यूंची बातमी खेड्यांत पोंचण्यास आठवडा लागला नसेल. दोषमुक्तीची बातमी तेथें कधीं पोंचली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

ह्याच्या उलट देवीच्या लसीचें उदाहरण पाहावें. मुंबईंत ता. १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती प्रथम लागू झाली. तीस आरंभीं विरोध झाला, पुढें कायद्याची सक्तीहि झाली. परंतु शेवटीं मराठींत ह्या क्रियेस नांव पडलें तें 'देवी काढणें', आणि ती करणारा तो 'देवी डॉक्टर'. रोग देवीचा, फोड देवीचे, आणि टोंचणेंहि देवीच काढणें. ज्या शब्दानें शीतळेची पूजा होई त्याच शब्दांत लोकांनीं लस सामावून घेतली. तेव्हां डॉक्टराकडे जातांना देवीचा अपराध होतो असें राहिलें नाहीं. हें शब्दांतर कोणा अधिकाऱ्यानें केलेलें नाहीं. प्लेगच्या टोंचणीस असें घरगुती नांव कधींच मिळालें नाहीं.

हें सर्व विवेचन बव्हंशीं छापील साधनांवर उभारलेलें आहे, आणि वर सांगितलेला त्यांचा दोष कायमच आहे. पाळणारांची बाजू घरगुती कागदांतच सांपडावयाची. संग्राहक ज्यांस 'अर्वाचीन' म्हणून बाजूस टाकतात असे १८९६ ते १९१० च्या दरम्यानचे कागद आतां सव्वाशे वर्षांचे झाले आहेत. दुकानाच्या रोजकीर्दींत झोंपडीसाठीं घेतलेल्या तट्ट्या व बांबू ह्यांचा खर्च कोणत्या मितीस पडला तें पाहिलें, म्हणजे घर सोडलें केव्हां तें कळतें. गांवांतील पहिल्या मृत्यूच्या तारखेशीं तें ताडून पाहिलें, म्हणजे उंदरावरून निघाले कीं माणसावरून हें ठरतें. देवस्थानांच्या हिशेबांत यात्रा भरली नाहीं त्या सालीं उत्पन्नाची बाजू कोरी असते. लग्नपत्रिकेंतील मुहूर्ताचें ठिकाण ऐन वेळीं बदललेलें असेल, तर तें कां हें विचारावें. आगगाडीचे तपासणीचे पास, टोंचल्याचे दाखले, छावणींतून पाठविलेलीं पोस्टकार्डें हीं दप्तरांत सहसा ठेवीत नसत. पोथीच्या वेष्टनांत किंवा दागिन्यांच्या डब्याच्या तळाशीं तीं सांपडण्याचा संभव अधिक. मोडींतील पत्रांत 'पिलेग', 'गांठ', 'कारंटीन' हे शब्द आढळल्यास पत्राचा विषय खासगी म्हणून तें टाकून देऊं नये. मात्र अशा कागदांतील जिवंत घराण्यांचीं नांवें प्रसिद्ध करितांना वारसांची संमति घ्यावी. प्लेगच्या काळांत कोणी कोणास सोडून गेलें, ह्याच्या जखमा कांहीं घरांत अद्याप ओल्या आहेत.

सन २०२० च्या साथीचें साहित्य तर आतांच दुर्मिळ होत चाललें आहे. जिल्हा ओलांडण्याचे परवाने, चाळींच्या दारावर लाविलेल्या सूचना, गांवच्या वेशीवर आडव्या टाकलेल्या लाकडांचीं छायाचित्रें कोणीं जपून ठेविलीं आहेत काय ? घरींच अलग राहावयाचें अशा माणसांच्या डाव्या हातावर महाराष्ट्र सरकारनें त्या मार्च महिन्यांत शाईचा शिक्का मारिला होता. तो हात कोणत्या रुमालांत बांधून ठेवणार ? त्या शिक्क्यांचें छायाचित्र तरी मिळवावें, व तो मनुष्य तितके दिवस घरांत राहिला कीं नाहीं, आणि राहिला तर कां, हें त्याच्याच तोंडून ऐकून शक्य तोंवर लिहून घ्यावें.

एक व्यावहारिक सूचना करणें अवश्य आहे. प्लेगच्या वर्षांचीं पंचांगें पुष्कळ घरांत जिल्द बांधलेलीं असतात, आणि गृहस्थ लोक समासांत रोजचीं टिपणें करीत. जिल्द मोडकळीस आली म्हणून तीं नव्यानें बांधावयास देतांना जिल्दगारास कडा कापूं नयेत असें बजावून सांगावें, व देण्यापूर्वीं शके १८१८ ते १८२५ पर्यंतचीं पानें, समासासुद्धां, नकलून घ्यावीं.